मधल्या बोटाकडची बाजू

चांदीची अंगठी करायला बसायचं तर आधी कूलर बंद करावा लागतो. मे महिन्यातल्या नागपुरात यात काय शौर्य आहे ते नागपूरकरांना सांगायला नको. पण इलाज नसतो. कूलरच्या वाऱ्यात ज्योत डुलते, डुलत्या ज्योतीनं चांदीचा जोड धड वितळत नाही, आणि अर्धवट वितळलेला जोड आठ दिवसांत उकलतो. म्हणून हे काम मी सकाळी सहाला उरकते, ऊन गच्चीवरून भिंतीवर उतरायच्या आत.

कूलर बंद झाला की घर ऐकू येऊ लागतं. फ्रीज मध्येच हुंकार देतो. मोरीत नळाचा थेंब पडतो आणि पुढचा कधी पडेल याची आपण उगाच वाट पाहतो. दोन वर्षं मी हे होऊच दिलं नव्हतं. उन्हाळ्यात कूलर, पावसाळ्यात पंखा, थंडीत टीव्ही. काही ना काही घरघरत ठेवलेलं. ले-आउटमधल्या, म्हणजे आमच्या कॉलनीतल्या, बायका म्हणत, काकूंना फार उकडतं. मी म्हणत असे, हो बाई, फार.

या मे महिन्यात दोन वर्षांनी पहिल्यांदा कूलर बंद केला. काम एकच होतं. आमच्या ह्यांची अंगठी माझ्या बोटाच्या मापाची करायची. अंगठी मीच केलेली, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. खडा कन्हान नदीच्या पात्रातला, दुधी रंगाचा, आणि त्याच्या पोटात निसर्गानंच उमटवलेलं एक काळपट तपकिरी झाड. तसा दगड दुसरा मिळत नाही. या दगडांना आमच्याकडे अकीक म्हणतात. एकाच्या पोटातलं चित्र दुसऱ्याच्या पोटात कधी सापडत नाही. तापवला तर तडकतो. म्हणजे चुकीला जागा नव्हती, आणि माझे हात आता चहाचा कप बशीत ठेवताना टाळ वाजवतात.

एवढंच असतं तर मी इतकी घाबरले नसते. खरी गोष्ट अशी, की ती अंगठी समोर घेतली की एक जुना प्रश्न वर यायचा. तो विचारायला माणूस होता तेव्हा मी तोऱ्यात होते, आणि तोरा उतरला तेव्हा माणूस नव्हता. या माणसानं चाळीस वर्षं ही अंगठी घातली. त्यानं तिच्याकडे एकदा तरी नीट पाहिलं होतं का?

आता त्या तोऱ्याविषयी सांगते.

मी भिवापूरकडची. तिकडच्या पोरींची बोटं मिरची खुडून खुडून इतकी तिखट होतात की डोळे पुसायची सोय राहत नाही, म्हणून आम्ही रडत नाही. हे मी लग्नानंतर नागपुरात सगळ्यांना ऐकवत असे आणि आपण फार बाणेदार बोललो असं मला वाटत असे. बाविसाव्या वर्षी मला काय काय वाटत असे याची यादी केली तर छापणाऱ्याचा कागद संपेल. आपला आवाज चांगला आहे, आपल्याला इंग्रजी कळतं, आणि आपण कलावंत आहोत. यातलं शेवटचं खूळ सगळ्यात जास्त दिवस टिकलं.

ते खूळ लागलं इतवारीच्या सराफ्यात. जोडवं तुटलं म्हणून डाग द्यायला, म्हणजे चांदीनं सांधून घ्यायला, एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेले होते. गल्लीत पायरीवजा दुकान. त्यात ते, ऐरण, एक दिवा आणि एक पितळी फुंकणी. दिव्याच्या ज्योतीवर फुंकणीतून फुंकर घालून त्यांनी ती ज्योत सुईसारखी बारीक केली आणि जोडव्याच्या बरोबर त्या तुटक्या टोकावर नेऊन ठेवली. चांदीचा इवलासा तुकडा क्षणभर पाऱ्यासारखा चमकला आणि फटीत शिरून बसला. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिले.

"मले शिकवता का जी?" मी विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "चूल फुकता येते का तुले?"

"येते नं."

"गाल फुगवून का छातीतून?"

मी जमिनीवर बसून काल्पनिक चूल फुंकून दाखवली. गल्लीतून जाणारे दोघं थांबून पाहायला लागले. कारागीर म्हणाले, "मंग हेबी येते. आमच्या घरच्या पोट्ट्यांले चूल फुकाची लाज वाट्टे, म्हणून त्यांचे जोड कच्चे राह्यतात."

मी रोज दुपारी जाऊन बसू लागले. त्यांनी मला तार ओढायला शिकवलं, जोडाला लावायचा टाकणखार उगाळायला शिकवलं, चांदीच्या बारीक पट्टीचं खड्याभोवती कोंदण वळायला शिकवलं. महिन्याभरात मी त्यांना सल्ले देऊ लागले. जोडवी काय करता, म्हटलं, यात कल्पकता कुठे आहे? त्यांनी फुंकणी तोंडातून न काढता मान डोलावली. एवढा सहनशील माणूस मी नंतर आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच्याशी माझं आधीच लग्न झालेलं होतं.

आमचे हे सरकारी कचेरीत कारकून होते. बोलणं बेताचं. दिवसाला साधारण तीस वाक्यं, त्यातली दहा भाजीवाल्याशी. एका रविवारी मी त्यांना सायकलवरून कन्हानला न्यायला लावलं. नदीत दगड शोधायचे होते. कामठीच्या पुढे चढावर उतरून सायकल ढकलावी लागली, आणि मी कॅरिअरवर बसूनच होते, कारण कलावंतांनी दमायचं नसतं. पाणी कमी होतं. मी अर्धं पात्र पालथं घातलं आणि पदरभर गोटे जमवले. घरी आल्यावर कळलं की ते सगळे पाण्यात ओले असतानाच सुंदर होते. वाळल्यावर त्यांनी आपापला खरा चेहरा दाखवला.

ह्यांनी दिवसभरात एकच दगड उचलला. पायाच्या अंगठ्यापाशी पडला होता तो. उन्हाकडे धरून पाहिला आणि माझ्या हातात दिला.

"बाभूळ हाय यात," ते म्हणाले.

मी पाहिलं. खरंच झाड होतं. खोड, फांद्या, वर पसरट शेंडा. पण बाभूळ? "कल्पवृक्ष आहे तो," मी शुद्ध मराठीत म्हटलं. कलेविषयी बोलताना मी शुद्ध बोलत असे. त्यांनी मान हलवली आणि सायकल आणायला गेले.

तो दगड मी पाणी आणि वाळूवर घासला, मग कुरुंदाच्या दगडावर, मग पॉलिश पेपरवर. एक महिना. बोटांची नखं त्याच्याबरोबर घासून गेली. घराला भेट देणाऱ्या प्रत्येकाला मी ती नखं दाखवत असे. मग चांदीचं कडं केलं, वर खड्यासाठी अंडाकृती घर केलं. शेवटचा जोड झाला की मगच खडा बसवायचा, हे कारागिरांनी दहादा बजावलं होतं. आणि एक गोष्ट मी त्यांना मुद्दाम विचारली. झाड कुणाकडे उभं ठेवायचं? घालणाऱ्याला सरळ दिसलं तर समोरच्याला उलटं दिसणार, समोरच्याला सरळ तर घालणाऱ्याला उलटं.

ते हसले. "अंगठीले तोंड असते का वं बाई? काढली, फिरवली, घातली. झाड कोणाकडे उभं करायचं ते घालणारा ठरवते. तू खडा बसव."

मी खडा बसवला. त्याआधी मात्र एक काम केलं, जे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्याविषयी पुढे.

अंगठी ह्यांना दिली तेव्हा ते जेवत होते. डावा हात पँटला पुसून त्यांनी ती घेतली, खिडकीकडे धरली, उजव्या हाताच्या अनामिकेत घातली, आणि वरणात भात कालवत म्हणाले, "बरी हाय."

बरी हाय! एक महिना नखं झिजवली, आणि बरी हाय! मी त्या रात्री जेवले नाही. सकाळी जेवले नाही. दुपारी ते कचेरीत गेल्यावर पोटभर जेवले, आणि संध्याकाळी पुन्हा जेवले नाही. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "काहून, तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, "बरी हाय." त्यांना टोमणा कळला की नाही देव जाणे. कळला असता तर माझा राग गेला असता.

तेव्हापासून मी त्यांना त्या अंगठीविषयी एक शब्द विचारला नाही. फक्त एक हुकूम काढला. आंघोळीच्या आधी अंगठी काढायची, कारण कोंदणात साबण शिरला की खडा मळतो. हा हुकूम त्यांनी चाळीस वर्षं पाळला. रोज सकाळी मोरीच्या कट्ट्यावर अंगठी, रोज आंघोळीनंतर खिडकीपाशी उभं राहून ती डोळ्यांपुढे धरायची, मग घालायची. साबण राहिलाय का पाहतात, असं मी समजत असे. मनात म्हणत असे, सरकारी माणूस, तपासणी केल्याशिवाय काही ताब्यात घेणार नाही.

शेजारच्या मधल्या बोटात त्यांच्या आईनं घातलेली घोड्याच्या नालेची काळी लोखंडी अंगठी होती. शनीसाठी. ती मात्र त्यांनी कधीच काढली नाही. माझ्या नाजूक चांदीच्या शेजारी ते ओबडधोबड लोखंड पाहून मला सासूबाई स्वतः येऊन बसल्यासारखं वाटायचं.

एकदा माझा धाकटा भाऊ भिवापूरहून मिरच्यांचं पोतं घेऊन आला. दोघं शेजारी शेजारी जेवायला बसले, मी समोर उभी राहून वाढत होते. भावानं ह्यांच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊजी, झाड उलटं हाय न तुमचं. मुळं वर, शेंडा खाली."

ह्यांनी हाताकडे पाहिलं. "बरोबर हाय," म्हणाले.

"अहो, उलटं हाय जी. फिरवून घाला."

"असंच राह्यते ते. घे, भाजी घे."

मला हसू आवरेना. समोरून मला झाड छान उभं दिसत होतं, त्यामुळे भाऊही वेडा आणि हेही वेडे असं मी ठरवून टाकलं. "त्यांले काय विचारतं तू," मी म्हटलं, "बनियन उलटं घातलं तरी त्यांले संध्याकाळी समजते." भाऊ हसला. हेही हसले. हा किस्सा मी पुढे कितीतरी हळदीकुंकवांत सांगितला. दर वेळी बनियन जास्त उलटं होत गेलं.

किस्से सांगणारी ती बाई आता मला रस्त्यात भेटली तर तिचा कान धरीन.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. दवाखान्यातून परत येताना दोन्ही अंगठ्या माझ्या रुमालाच्या गाठीत होत्या. लोखंडाची मी अस्थींबरोबर कन्हानला सोडली. सासूबाईंची वस्तू, त्यांच्या लेकाबरोबर जावी. चांदीची तांदळाच्या डब्यात ठेवली. का तिथेच, ते माहीत नाही. दोन वेळा हात लागतो म्हणून असेल. पुढे एका माणसाचा भात किती लागतो याचा अंदाज येईना, म्हणून मी पोळीच खायला लागले, आणि डबाही उघडेनासा झाला.

मग या वर्षी एप्रिलमध्ये पुण्याहून नातीचा व्हिडिओ कॉल आला. ती मधूनमधून करते, रविवारी. मी मोबाईल साखरेच्या बरणीला टेकवून ठेवते आणि आम्ही एकमेकींच्या कपाळांशी बोलतो, कारण मला तो नीट धरता येत नाही.

"आजी, आजोबांची ती झाडवाली अंगठी कुठेय गं? दाखव ना."

मी डब्यातून काढली, तांदूळ झटकले. बोटात घातली तर अनामिकेत हातातली बांगडी घातल्यासारखी फिरू लागली. म्हणून अंगठ्यात घातली आणि हात बरणीपुढे धरला.

"किती क्यूट! झाड एकदम सरळ उभंय. तुला उलटं दिसत असेल ना?"

मी खाली पाहिलं. हो. मुळं वर, शेंडा खाली.

"तू घालत का नाहीस? छोटी करून घे ना. तूच तर करतेस अंगठ्या."

"करत होते."

"मग परत कर! आजी, मला मीटिंग आहे, बाय, लव्ह यू." आणि पडद्यावर माझंच कपाळ राहिलं.

अशी मी जेवणाच्या टेबलाशी कामाला बसले. पेटीतल्या कानशींना गंज चढलेला. छोट्या गॅसच्या ज्योतीची नळी बदलावी लागली. शेजारीण कुंपणावरून डोकावली.

"काहून जी काकू, कूलर बंद काहून? लाइन गेली का?"

"नाही वं. काम करून राहिली."

"अशा गर्मीत? मरता का?"

"अजून ठरवलं नाही," मी म्हटलं. ती घाबरून ताक घेऊन आली. चांगली आहे बिचारी. ताक ठेवलं, दोन मिनिटं टेकली, मग तिच्या कुकरची शिट्टी झाली आणि ती गेली. तिच्या घरातली फोडणी, पोरांची भांडणं, टीव्ही, सगळं कुंपणापर्यंत येत होतं आणि तिथे थांबत होतं.

पहिल्या सकाळी फक्त खडा काढला. कोंदणाची कड बोथट पातीनं केसाकेसानं उचलायची असते. घाई केली तर चांदी फाटते, जोर केला तर दगडाचा कपचा उडतो. अर्ध्या तासाचं काम मी तीन तास केलं. मध्ये दोनदा हात मांडीखाली दाबून बसले, थरथर थांबेपर्यंत. शेवटी खडा हललेला जाणवला, अंगठी उपडी केली आणि तो तळहातावर पडला. चाळीस वर्षांनी बाहेर आला होता, आणि अगदी थंड होता.

खाली रिकाम्या घराच्या तळाशी माझी सही होती.

हेच ते काम, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मोठे चित्रकार सही करतात असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून खडा बसवायच्या आधी सुईनं चांदीवर पूर्ण नाव कोरलं होतं, आडनावासकट, खाली दोन टिंबं आणि एक वळणदार रेघ. आणि मग त्यावर दगड बसवून ते कायमचं झाकून टाकलं होतं! जगात कुणालाही दिसणार नाही अशा जागी नाव कोरणारी मी एकटीच कलावंत असेन. मी एकटी बसून इतकी हसले की ताक सांडलं. मग हसू ओसरलं आणि फ्रीजनं हुंकार दिला. ह्यांना सांगायला हवं होतं. त्यांनी भाताकडे पाहत "बरं केलं" म्हटलं असतं.

दुसऱ्या सकाळी अंगठी कापायची होती. कडं लहान करायचं म्हणजे तांदळाच्या दोनेक दाण्यांइतकी चांदी कापून काढायची आणि टोकं पुन्हा जोडायची. कुठे कापायचं हे अंगठी पाहून ठरवतात. नियम सोपा आहे. जिथे कडं सगळ्यात झिजलं असेल तिथे कापा. कमकुवत भाग आपोआप निघून जातो आणि उरलेली अंगठी मजबूत राहते. शिकाऊ माणसालाही हे कळतं.

मी चष्म्यावर भिंग धरलं. खड्याच्या घराच्या एका बाजूला कडं पापडासारखं पातळ झालं होतं, कडेला चपटं, मध्ये खोलगट. नखानं दाबलं असतं तर वाकलं असतं. दुसरी बाजू जशीच्या तशी जाड. तिच्यावर माझ्या हातोडीचे ठोकेसुद्धा दिसत होते, कारण त्या काळी मला ते नीट घासून काढता येत नसत. मी अंगठी लाकडी खुंटीत पकडली, केसासारखी बारीक करवत झिजलेल्या जागी टेकवली आणि एकदा ओढली. चांदीचा भुगा कागदावर पडला.

मग माझा हात थांबला.

एकाच बाजूला काहून?

अंगठी हाताच्या वापरानं झिजते तेव्हा ती खालून झिजते, तळहाताकडून. शेजारून अशी खोलगट झिजते ती शेजारच्या बोटात काही कठीण असेल तरच. ते लोखंड होतं. सासूबाईंच्या शनीनं चाळीस वर्षं माझी चांदी कानशीसारखी घासली होती. ते ठीक. पण ह्यांनी अंगठी रोज काढली, रोज घातली. माझाच हुकूम होता. न पाहता घालणाऱ्या माणसाची अंगठी कधी अशी बसते, कधी तशी. मग आज एक बाजू लोखंडाला लागते, उद्या दुसरी. दोन्ही बाजू सारख्या झिजायला हव्या होत्या. आणि इथे एका बाजूला माझे ठोके शाबूत होते. म्हणजे ती बाजू लोखंडाला लागलीच नव्हती. एकदाही नाही.

मी अंगठी खुंटीतून काढली. खडा घरात नुसताच ठेवला, पूर्वी होता तसा. उजव्या हाताच्या अनामिकेत घातली, झिजलेली बाजू मधल्या बोटाकडे करून. हात टेबलावर ठेवला.

शेंडा माझ्याकडे, मुळं समोरच्या खुर्चीकडे. उलटं झाड.

समोरची खुर्ची माझी होती. लग्न झाल्यापासून मी त्या बाजूला, गॅसच्या जवळ, आणि हे या बाजूला. त्या खुर्चीवरून झाड नेहमी सरळ दिसायचं. इतकं सरळ, की ते सरळ का दिसतं हे विचारायची मला गरज वाटली नाही.

सवय असेल, मी स्वतःला म्हटलं. एकदा घातली तशी, मग हाताला वळण पडलं. मी काही लगेच विरघळणारी बाई नाही. पण मग भाऊ आठवला. अहो, उलटं हाय जी, फिरवून घाला. आणि हाताकडे पाहून, पाहून बरं का, दिलेलं ते उत्तर. आणि रोज सकाळी खिडकीपाशी डोळ्यांपुढे धरलेली अंगठी. साबण पाहत होते म्हणे! साबण पाहायला अंगठी फिरवावी लागत नाही. ते फिरवत असत. मी पोळ्या लाटता लाटता पाहिलेलं आहे, दोन बोटांत धरून अर्धा फेरा, आणि मग आत.

कूलर लावला नाही. ऊन भिंतीवरून खिडकीच्या गजांपर्यंत आलं, पाठीवरून घाम उतरत होता, आणि मला उठावंसं वाटेना. भिवापूरच्या पोरी रडत नाहीत असं मी जन्मभर सांगत आले. बोटं तिखट असतील तोवर ते खरं असावं.

तिसऱ्या सकाळी मी अंगठी कापली. जाड बाजूनं. चांगली, मजबूत, ठोक्यांच्या खुणा असलेली चांदी कापून काढली आणि झिजकी बाजू तशीच ठेवली. इतवारीतले कारागीर असते तर त्यांनी फुंकणी फेकून मारली असती. बाई, हे काय केलं? ही तुटणार. दोन वर्षांत नाहीतर पाच वर्षांत, पण तुटणारच. तुटू द्या जी, म्हटलं असतं, मी कुठे पन्नास वर्षं घालणार आहे?

टोकं जुळवली, टाकणखार लावला, चांदीचा कण ठेवला. ज्योत बारीक केली. पातळ बाजूला आच लागू नये म्हणून तिच्यावर ओली माती थापली होती. कण पाऱ्यासारखा चमकला आणि फटीत शिरला. मग तुरटीच्या उकळत्या पाण्यात, मग रिठ्यानं घासून स्वच्छ. खडा परत बसवताना सही तशीच खाली राहू दिली. पुसावी असं एकदा मनात आलं. पण त्या दीडशहाणीचं नाव ज्या झाडाखाली चाळीस वर्षं राहिलं तिथून तिला आता कुठे हाकलायचं? कड दाबून बसवायला दोन तास लागले. खड्याचा कपचा गेला नाही. करवतीचा तो एक ओरखडा मात्र पातळ बाजूवर राहिला आहे. बारीक रेघ आहे. बोट फिरवलं की लागते.

त्या दिवशी मी भात लावला. थोडा जास्तच झाला. ताट घेतलं आणि माझ्या खुर्चीवर बसायला गेले, मग थांबले. टेबलाला वळसा घालून ह्यांच्या खुर्चीवर बसले. तीन सकाळी कामाला इथेच बसले होते, पण डोळे अंगठीवर. चाळीस वर्षांत या बाजूनं मी हे घर कधी पाहिलं नव्हतं. इथून गॅस दिसतो, फोडणीचे डाग पडलेली भिंत दिसते, खिडकीतला शेजारणीचा कुंपणावरचा टॉवेल दिसतो. आणि बरोबर मधोमध ती खुर्ची दिसते, जिच्यावर बसून मी एवढी वर्षं बोलत होते. बोलतच होते.

तेव्हापासून मी इथेच जेवते. अंगठी घालताना खिडकीपाशी धरते, अर्धा फेरा फिरवते, झिजकी बाजू मधल्या बोटाकडे करते. झाड मला उलटं दिसतं. आता मलाही ती बाभूळच वाटते. समोरच्या खुर्चीवरून ती सरळ दिसत असणार, पण तिथे कुणी नसतं. वरणात भात कालवताना मी कधी कधी त्या खुर्चीकडे पाहते. रुसून दोन दिवस न जेवणारी, शुद्ध बोलणारी, नखं दाखवत फिरणारी ती पोरगी तिथे बसायची.

बरी होती.